तरुण वयातला हार्ट अटॅक : गाडी नागपूरकडे काढण्याआधी

वैनगंगाकाठ
तिशी-पस्तिशीतला माणूस, रात्री छातीत दुखायला लागलंय आणि गाव तालुक्यापासून तीस-चाळीस किलोमीटर. पुढे काय होतं ते भंडाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत जवळपास ठरलेलं आहे. आधी सोडा नाहीतर इनो. मग गावातल्या डॉक्टरकडे पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन, कमरेत वेदनाशामक डायक्लोफिनॅक, वर एक सलाईन. वय बघून सगळ्यांचं एकमत की गॅस चढला. पहाटेपर्यंत उतार पडत नाही म्हटल्यावर भाड्याची गाडी काढून थेट नागपूर. वाटेत एक-दोन ग्रामीण रुग्णालयं आणि एक उपजिल्हा रुग्णालय मागे पडतं. पहिला ईसीजी निघतो तोवर दुखणं सुरू होऊन आठ-नऊ तास झालेले असतात.

माझ्या मते या साखळीतली सर्वांत महाग चूक शेवटची आहे : वाटेतली रुग्णालयं सोडून थेट नागपूर. नस पूर्ण बंद झाली की वीस ते चाळीस मिनिटांत हृदयाचा स्नायू मरायला लागतो आणि सहा तासांत बहुतेक नुकसान होऊन जातं. तरुणांत तर आणखी एक अडचण. वयस्कर माणसाच्या नसा वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होतात, तेवढ्या काळात शेजारून रक्ताच्या बारीक वाटा तयार झालेल्या असतात. तरुणाच्या नसेतली चरबीची गाठ बऱ्याचदा लहान असते, अर्धी नससुद्धा अडलेली नसते. तिच्यावरचं पातळ आवरण अचानक फाटतं, तिथे रक्ताची गुठळी बसते आणि वाट एकदम बंद. पर्यायी वाट नाही. म्हणूनच 'मागच्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती' याला काही अर्थ उरत नाही.

जाणकारांनी लिहावं. उपदेश नको, नेमकं काय करायचं ते हवं.

पऱ्हाटी
वैनगंगा भाऊ, धागा बरा काढला. पण गावातल्या माणसानं वळखावं कसं? दर दुसऱ्या माणसाले गॅस हाये इथं.

वैनगंगाकाठ
पऱ्हाटी, खात्रीने ओळखता येतच नाही, म्हणून तर ईसीजी. तरी काही खुणा सांगतो. छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा भरून आल्यासारखं, वीस मिनिटांहून जास्त. दुखणं जबड्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत जातं. गार घाम येतो, मळमळ होते. बोट ठेवून 'इथंच दुखते' असं दाखवणारा आणि दाबल्यावर दुखणं वाढणारा माणूस बहुधा स्नायूच्या दुखण्याचा असतो, पण तेवढ्यावर त्याला घरी पाठवू नये. अँटासिडने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असंही नाही.

बायकांत तर घोळ जास्त होतो. नुसता दम, पाठदुखी, गळून जाणं. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत छातीत दुखलं तर नसेच्या भिंतीचा आतला थर फाटणं हे कारण असू शकतं. त्यात ना कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं ना तंबाखूचं व्यसन, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

लीड_टू
ईसीजीवर लिहितो, कारण ग्रामीण भागात अर्धी लढाई इथेच हरते.

रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, हा नियम. केस पेपर नंतर. मशीन आहे पण कागदाचा रोल नाही, ही सगळ्यात लाजिरवाणी अडचण. ड्यूटी बदलताना रोल आणि जेल बघून घ्यायचं. दुसरी अडचण थरथरती रेघ. आपल्याकडे इमारतींची अर्थिंग खराब असते, त्यामुळे विजेचा कंप पट्टीवर उतरतो. मशीन चार्ज असेल तर प्लग काढून बॅटरीवर घ्या, बहुतेक वेळा रेघ साफ होते. एप्रिल-मेमध्ये घामाने सक्शनचे बल्ब सुटतात. छाती गॉजने पुसा, केस असतील तर तेवढ्या जागेपुरते काढा.

हाताचे लीड (वायरी) उलटे लागणं रोजचं आहे. लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. पट्टीवरच्या बारा रेघांपैकी लीड १ पूर्ण उलटा आणि एव्हीआर सरळ दिसला तर आधी वायरी तपासा. छातीवरचे व्ही१ आणि व्ही२ चौथ्या बरगडीच्या फटीत. घाईत ते एक-दोन फटी वर लागतात आणि नसलेला जुना अटॅक दिसू लागतो.

पहिला ईसीजी साफ आणि दुखणं चालू असेल तर सोडायचं नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेघेचा भाग) वर असेल तर उजव्या बाजूचा व्ही४आर काढायचाच. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली दिसला तर पाठीमागून व्ही७ ते व्ही९. मागच्या भिंतीचा अटॅक असाच निसटतो.

कार्डिओलॉजिस्टला फोटो पाठवताना पट्टी टेबलावर सपाट ठेवा, वरून, सावली न पाडता, बारा लीड एका फोटोत. नाव, वय, वेळ आणि दुखणं कधी सुरू झालं ते पट्टीवर पेनने लिहा. ट्यूबलाइटचा चमकारा पडलेला वाकडा फोटो पाहून समोरचा एसटी मोजणार कसा? आणि थर्मल कागद उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर काळा पडतो, म्हणून झेरॉक्स बरोबर द्या.

झाडीपट्टी
ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) राहिलं. कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी पाठवलेल्यांची संख्या कमी नाही. ट्रोपोनिन रक्तात चढायला तीन-चार तास लागतात. दुखणं सुरू होऊन तासच झाला असेल तर निगेटिव्ह येणारच. आणि ईसीजीत एसटी स्पष्ट वर असेल तर ट्रोपोनिनची वाट बघणं म्हणजे वेळ वाया.

पऱ्हाटी
अन् ते खिशात सॉर्बिट्रेट ठेवा, जिभेखाली द्या, वाचतो माणूस, असे मेसेज फिरतात ते?

कोरडवाहू
त्या मेसेजांनी फायदा कमी आणि घोळ जास्त केलाय. जीव वाचवणारी गोळी अ‍ॅस्पिरिन आहे. सॉर्बिट्रेटने नसा सैल होऊन दुखणं हलकं होतं, गुठळी विरघळत नाही.

अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चावून. इकोस्प्रिन ७५ असेल तर चार, १५० असेल तर दोन. या गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, म्हणून गिळायच्या नाहीत, चावायच्या. डिस्प्रिन असेल तर एक, पाण्यात विरघळवून. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत असेल, किंवा तोंड वाकडं होऊन हात-पाय लुळा पडला असेल तर द्यायचं नाही.

सॉर्बिट्रेट बीपी मोजल्याशिवाय नको. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, किंवा हृदयाच्या उजव्या भागाचा अटॅक असेल (लीड_टू यांनी सांगितलेला व्ही४आर याचसाठी), तर जिभेखालच्या त्या एका गोळीने बीपी एकदम कोसळतं. तसंच गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेतलं असेल तर अजिबात नाही. तरुणांत हा प्रश्न हमखास विचारायला हवा, आणि तो बायको-आईला बाहेर काढून. त्यांच्यासमोर खरं उत्तर मिळत नाही.

'जोरजोरात खोकत राहा' हा मेसेजही डिलीट करा. माणूस शुद्धीवर असेल तर त्याला खोकायला लावून काही मिळत नाही. बेशुद्ध आहे आणि श्वास नाही किंवा आचके देतोय, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका.

लीड_टू
कोरडवाहूंच्या यादीत एक भर. कमरेतलं डायक्लोफिनॅक. या गटातली वेदनाशामकं अटॅकमध्ये मुळातच नुकसान करतात. त्यात पुढे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की कमरेत सुई टोचली तिथे रक्त साचून मोठा गोळा येतो. छातीत दुखणाऱ्याला स्नायूतलं कुठलंच इंजेक्शन नको. सलाईनही डोळे झाकून नको. फुप्फुसात पाणी भरत असलेल्या माणसाला अर्धा लिटर चढवला की दम वाढतो. उजव्या बाजूच्या अटॅकमध्ये मात्र तीच सलाईन उपयोगाची.

मेडिकल_चौक
मी विरुद्ध बाजू मांडतो. अँजिओप्लास्टी ही लायसिसपेक्षा (गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनपेक्षा) सरस आहे हे सिद्ध झालेलं आहे. मग तालुक्याला थांबून इंजेक्शन देण्यात वेळ कशाला घालवायचा? समृद्धी महामार्ग आहे, १०८ आहे. उचला आणि कॅथलॅबला (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) न्या.

वैनगंगाकाठ
सरस आहे, पण वेळेत झाली तर. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत नस उघडता येणार असेल तर अँजिओप्लास्टी, नाहीतर आधी इंजेक्शन. हे १२० मिनिटं नागपूरच्या हद्दीत शिरण्यापर्यंतचे नाहीत, नसेतून तार पलीकडे जाईपर्यंतचे आहेत. गाडी मिळणं, रस्ता, कॅज्युअल्टी, नातेवाइकांची सही, कॅथलॅबची टीम रात्री घरून येणं, सगळं त्यात धरायचं. हिंगण्याचा किंवा सेलूचा रुग्ण पोचेल. गडचिरोली ते नागपूर नुसता रस्ताच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायलाच दोनशे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, तेव्हा काय करणार? धारणीवाल्यांचीही तीच गत, घाट उतरून अमरावती. समृद्धीचा फायदा समृद्धीलगतच्या लोकांना.

मेडिकल_चौक
ठीक, लांबच्यांसाठी मान्य. पण लायसिस करायला एमओ (सरकारी दवाखान्यातले डॉक्टर) घाबरतात हेही खरं आहे. डोक्यात रक्तस्राव झाला तर मार कोण खाणार?

झाडीपट्टी
भीती खोटी नाही. मेंदूत रक्तस्राव साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून कमी. वयस्कर, कमी वजनाचे आणि बीपी चढलेले रुग्ण यांत जास्त, तरुणांत कमी. म्हणजे धोका सगळ्यात कमी आणि वाचणारं आयुष्य सगळ्यात लांब, तो हाच गट. नातेवाइकांना हा आकडा आधी सांगून, लिहून सही घ्यायची.

लायसिस देण्याआधी विचारायचं : कधीही मेंदूत रक्तस्राव झालाय का, गेल्या सहा महिन्यांत लकवा, नुकताच डोक्याला मार किंवा मोठं ऑपरेशन, कुठून रक्त जातंय का, आणि पाठीत फाटल्यासारखं दुखून दोन्ही हातांच्या बीपीत मोठा फरक आहे का (महाधमनी फाटली असेल तर हे इंजेक्शन जीव घेईल). बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवा. दुखणं सुरू होऊन १२ तास उलटलेले नसावेत; खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत.

गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस वजनावर : ६० किलोच्या खाली ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. एकाच झटक्यात, ५ ते १० सेकंदांत. वजन अंदाजाने धरू नका, काटा असतो तिथेच. यातली नेहमीची चूक म्हणजे हाताला आधीपासून डेक्स्ट्रोजची बाटली लावलेली असते आणि त्याच नळीतून इंजेक्शन दिलं जातं. डेक्स्ट्रोजमध्ये हे औषध साकळतं. नळी आधी नॉर्मल सलाईनने धुवा, नंतर परत धुवा. कुपी हलवून फेस काढू नका.

त्याच कामाचं स्ट्रेप्टोकायनेस स्वस्त : १५ लाख युनिट, १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये, ३० ते ६० मिनिटांत. बीपी पडणं नेहमीचं. वेग कमी करा किंवा थोडा वेळ थांबवा, पाय वर करा. अंगावर पित्त उठू शकतं. हे आयुष्यात एकदाच. पूर्वी मिळालेलं असेल तर दुसऱ्यांदा देऊ नये, शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात.

सोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम आणि रक्त गोठू न देणारं एनोक्सापॅरिन : आधी ३० मिलिग्रॅम शिरेतून, १५ मिनिटांनी किलोला १ मिलिग्रॅम त्वचेखाली, दर १२ तासांनी. हे डोस ७५ वर्षांखालच्यांचे. टिकाग्रेलोर-प्रासुग्रेल या क्लोपिडोग्रेलच्याच जातीच्या गोळ्या या वेळी नको. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) चार्ज करून शेजारी ठेवा, नस उघडताना ठोके बिघडतात.

लीड_टू
आणि इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं असं समजून वॉर्डात ठेवू नका. लगेच १०८ ने पुढे हलवा. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी परत : एसटी अर्ध्याहून अधिक खाली आलं आणि दुखणं थांबलं तर नस उघडली, मग २ ते २४ तासांत अँजिओग्राफी. नाही उतरलं तर त्याच रात्री अँजिओप्लास्टी. पाठवण्याच्या चिठ्ठीत इंजेक्शनचं नाव, डोस आणि घड्याळाची वेळ लिहाच. नागपुरात पहिला प्रश्न हाच विचारतात आणि नातेवाईक 'एक सुई दिली' एवढंच सांगतात.

राज्याच्या स्टेमी (एसटी वर गेलेला अटॅक) प्रकल्पात असलेल्या सरकारी रुग्णालयांतून ईसीजी थेट तज्ज्ञाकडे जातो आणि काही मिनिटांत अहवाल येतो. आपल्या तालुक्याचं रुग्णालय त्यात आहे का, हे आज विचारून ठेवा.

पऱ्हाटी
१०८ यायले टाइम लागते ना पण. मंग मोटरसायकलवर मधात बसवून नेते लोक.

कोरडवाहू
ते टाळा, पऱ्हाटी भाऊ. वाटेत शुद्ध गेली तर मधल्या माणसाला सांभाळता येत नाही. चारचाकीत पाठ टेकवून बसवा, चालवत नेऊ नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. १०८ ला फोन लावून ठेवा आणि जीप त्यांच्या दिशेने काढा, अर्ध्या रस्त्यात रुग्णाला त्यांच्या गाडीत घाला. प्रगत गाड्या, म्हणजे ज्यात मॉनिटर-डिफिब्रिलेटर सगळं असतं, त्या साध्या गाड्यांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. २०१४ साली सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ पैकी २३३. फोनवर 'छातीत दुखतंय, घाम आलाय' असं स्पष्ट सांगा, 'तब्येत बिघडली' म्हणू नका.

सोबत रेशन कार्ड आणि आधार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि कार्डाच्या रंगाची अट नाही. कार्ड घरी राहिलं तरी इमर्जन्सीत फोनवर नोंद करून उपचार सुरू होतात, कागद मागून देता येतात. आधी अ‍ॅडव्हान्स भरा असं कुणी म्हटलं तर दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, नाहीतर १५५३८८ ला लावा. दवाखाना योजनेत आहे का ते गाडीत बसल्या बसल्या विचारून घ्या, दाखल झाल्यावर नाही.

मेडिकल_चौक
आता दुसरी बाजूही लिहू द्या, सगळाच एसटी अटॅकचा नसतो. आपल्या भागात तीन गोष्टी चकवतात.

सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार). गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियात वीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या छातीत दुखतंय, सोबत ताप, खोकला, ऑक्सिजन कमी, डोळे पिवळे, तर ते फुप्फुसातलं सिकलिंग असू शकतं. सिकलसेलचं कार्ड विचारा.

फवारणी. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये घाम, उलटी, छाती आवळणं घेऊन आलेल्या माणसाच्या बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या आणि तोंडाला लाळ असेल तर कीटकनाशकाची विषबाधा, त्यावरच्या उताऱ्याचं म्हणजे अ‍ॅट्रोपिनचं काम. तरीही ईसीजी काढा.

तिसरं, हृदयाच्या आवरणाची सूज. वाकून बसल्यावर दुखणं कमी, श्वास घेतल्यावर जास्त, ईसीजीत जवळपास सगळीकडे एसटी वर. याला अटॅक समजून लायसिस दिलं तर आवरणात रक्त भरू शकतं. शंका असेल तर फोटो पाठवून विचारा. पाच मिनिटं त्यात गेलेली परवडतात.

वैनगंगाकाठ
हा प्रतिसाद वर चिकटवायला हवा. मेडिकल_चौक, आभार.

आता कारणांकडे. 'व्यसन काही नाही जी' असं सांगणाऱ्याला पुन्हा विचारा : खर्रा? तपकीर (नस)? गुडाखू (दाताला घासायची तंबाखूची पेस्ट)? खर्रा हे व्यसन आहे असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतच नाही. पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना गालात तासन्‌तास राहते, निकोटीन हळूहळू रक्तात जात राहतं, नाडी आणि बीपी चढलेलं राहतं. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला, आणि बिडी-सिगारेटही ओढणाऱ्यांत चौपट. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधी येतो, हेही त्याच अभ्यासातलं. सोडायचा असेल तर १८००११२३५६ ही मोफत लाइन आहे, मराठीत बोलतात. निकोटीन गमही मिळतो. अटॅकनंतर डॉक्टरांना विचारून.

झाडीपट्टी
आनुवंशिक कोलेस्टेरॉल विसरू नका. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० च्या वर, टाचेमागचा कंडरा (स्नायूची दोरी) जाड आणि गाठाळ, डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरी कडा, घरात बापाला किंवा काकाला ५५ च्या आत अटॅक. असा एक सापडला की भाऊ-बहिणी आणि मुलं सगळ्यांची लिपिड तपासणी. लिपोप्रोटीन-ए (रक्तातली आणखी एक आनुवंशिक चरबी) आयुष्यात एकदा बघा, ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर इतर सगळं कडक ठेवावं लागतं. बारीक अंगकाठीवर जाऊ नका, आपल्या शेतमजुरांत बारीक आणि शुगरवाले पुष्कळ.

पऱ्हाटी
स्टेंट टाकला, महिना झाला. आता फवारणीचा पंप उचलू शकते का माणूस? अन् गोळ्या किती दिस?

लीड_टू
गोळ्यांचं आधी. अ‍ॅस्पिरिन कायम, दुसरी रक्त पातळ करणारी गोळी साधारण बारा महिने. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) कायम, एलडीएल ५५ च्या खाली. बरं वाटतंय म्हणून पहिल्या काही महिन्यांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची ही जोडी बंद करणं हे स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं मुख्य कारण आहे. दात काढायचा असला तरी स्वतः बंद करू नका, डेंटिस्टला स्टेंटची तारीख सांगा. महिन्याचा खर्च जड होत असेल तर जनऔषधी दुकानात हीच औषधं स्वस्तात मिळतात. लेकरू हवं असलेल्या बाईने स्टॅटिन आणि रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांबद्दल आधीच बोलावं, गरोदरपणात त्या चालत नाहीत.

पंपाचं म्हणाल तर सोळा लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो. पहिला महिना चालणं, पाच-दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. सहा आठवड्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी). हृदयाचं पंपिंग ५० टक्क्यांच्या वर आणि भराभर चालताना दुखत-दमत नसेल तर हलकं काम, मग हळूहळू पंप, तोही सकाळच्या थंडाव्यात, मास्क-हातमोजे घालून. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली असेल तर फवारणीचा पंप विसरा, आधी छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरबद्दल कार्डिओलॉजिस्टला विचारा. आणि मे महिन्यात पारा ४५ ला गेला की बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते. तेव्हा उभ्याने आणि बसून दोन्ही बीपी मोजून डोस कमी करून घ्यायचा, गोळी मनाने सोडायची नाही.